एक एकर ज्वारी आणि सावडीची वही : आर्वी तालुक्यातील एका शेतघराचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण आमच्याच घराचे असल्यामुळे त्यात तटस्थतेचा दावा करता येणार नाही. मात्र शेजाऱ्यांशी झालेल्या देवघेवीच्या ज्या वहीच्या आधारे ते लिहिले आहे ती वही तीन वर्षे नियमाने भरलेली आहे आणि जिथे माझी आठवण व वहीतील नोंद यांत तफावत आढळली, तिथे मी वहीचेच खरे मानले आहे. शेजाऱ्यांची नावे व गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आमचे ४ एकर २० गुंठे वावर आहे. जमीन काळी व भारी, विहीर एक, घर वावरातच बांधलेले. नागपूरची नोकरी सोडून २०२२ च्या गुढीपाडव्याला मी कुटुंबासह येथे परतलो तेव्हा घरात मी, पत्नी, आई आणि दोन शाळकरी मुले अशी पाच माणसे, एक गवळाऊ गाय आणि एक बैल होता. जोडीचा दुसरा बैल वडिलांच्या पश्चात विकला गेला होता. घरात जे लागते त्यातले शक्य तितके आपल्याच वावरात पिकवावे, दुकानावरचे अवलंबन कमी करावे आणि उरलेले शेजाऱ्यांशी अदलाबदलीने भागवावे, असा आमचा संकल्प होता. त्यातील पहिल्या भागाचा आम्ही खूप विचार केला होता आणि दुसऱ्या भागाचा जवळपास काहीच केला नव्हता. शेजारी आहेत म्हणजे अदलाबदल होईलच, असे आम्ही गृहीत धरले होते.

सुरुवातीचा हिशेब सोपा होता. पाच माणसांना वर्षाला साधारण सहा क्विंटल धान्य, एक क्विंटल डाळ आणि पंचेचाळीस किलोच्या आसपास तेल लागते. त्यानुसार एक एकर ज्वारी, दीड एकर सोयाबीन व तूर, एक एकर पऱ्हाटी (कापूस), विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर गहू व हरभरा, आणि उरलेल्या तुकड्यात जवस, तीळ, अंबाडी व भाजीपाला अशी वाटणी केली. पऱ्हाटी ठेवावीच लागली, कारण वीजबिल, शाळा, औषधे, मीठ, साखर आणि गाडीचे पेट्रोल यांना ज्वारी चालत नाही. ते एक एकर म्हणजे आमच्या स्वावलंबनातले सर्वांत परावलंबी पीक होय : बियाणे दरवर्षी दुकानातून, भाव व्यापाऱ्याकडून, आणि वेचणीसाठी मजूर गावातून.

पहिल्या वर्षी आम्ही पुष्कळ गोष्टी हाताने करून पाहिल्या. अंबाडीचा वाक (तंतू) काढून दोर वळले, रिठ्याने कपडे धुतले, जवसाचे तेल घरी काढण्याची खटपट केली. यांपैकी दोर टिकले. बाकीच्यांविषयी विस्ताराने लिहिण्यासारखे काही नाही. तेलासाठी आता जवस व तीळ तालुक्याच्या घाणीवर नेतो. ढेप (पेंड) घाणीवाल्याकडेच सोडली तर तो गाळण्याचे पैसे कमी घेतो, परंतु दुभत्या गाईला ढेप लागते म्हणून आम्ही पूर्ण पैसे देऊन ढेप परत आणतो. वस्तूच्या बदल्यात सेवा मिळत असताना रोख मोजणे शहाणपणाचे ठरते, हे आम्हांला या घाणीवर प्रथम उमगले.

ज्वारी एकट्याने पिकत नाही

आमच्या संकल्पाला खरा धक्का ज्वारीने दिला. एक एकरात किमान पाच क्विंटल ज्वारी व्हावी अशी अपेक्षा होती. पीकही चांगले उभे राहिले. कणसे निसवली, दाणा चिकात आला, आणि त्याच सुमारास परिसरातली सगळी पाखरे आमच्या वावरात उतरली. पूर्वी या भागात खरिपाची ज्वारी सर्वत्र असे. आता चहूकडे सोयाबीन आणि पऱ्हाटी आहे आणि मैलभराच्या परिघात ज्वारीचे कणीस फक्त आमच्याकडे होते. दिवसा पाखरे आणि रात्री रानडुकरे व रोही (नीलगाई), असा दुहेरी पहारा द्यावा लागला. वहीतील नोंदीप्रमाणे दाणा भरण्यापासून सोंगणीपर्यंतच्या चाळीस रात्रींपैकी मी सतरा रात्री जागलीला गेलो. उरलेल्या तेवीस रात्री माझ्या अंगात त्राण नव्हते. खळ्यावर दीड क्विंटल ज्वारी आली.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे, कारण आमच्या पुढच्या सर्व निर्णयांचा पाया तेच कारण ठरले. पाखरांचा थवा दिवसाला ठरावीक दाणाच खातो. वावर एक एकराचे असो वा चार एकरांचे, थवा तोच असतो. एक एकरावर त्याने फस्त केलेला दाणा निम्म्याहून अधिक भरतो, तर चार एकरांवर तोच दाणा सोसण्याजोगा होतो. राखणीचेही तसेच आहे. चार एकरांभोवती फिरायला एक एकराच्या चौपट वेळ लागत नाही, परंतु जागायला माणसे मात्र चार मिळतात. म्हणजे ज्वारी आपल्या घरापुरती पिकवायची असेल, तर शेजाऱ्यानेही ती पिकवली पाहिजे. ज्या पिकाकडे आम्ही स्वावलंबनाचा कणा म्हणून पाहत होतो ते पीकच एकट्याने घेता येत नव्हते.

दुसऱ्या खरिपापूर्वी आम्ही लगतच्या तीन घरांशी बोललो. त्यांना ज्वारीच्या दाण्याचे फारसे अप्रूप नव्हते, पण कडब्याचे, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांच्या चाऱ्याचे, होते. सोयाबीनच्या कुटारावर (भुशावर) जनावरे कशीबशी निभतात, परंतु उन्हाळ्यात कडब्याच्या पेंढ्या विकत घ्याव्या लागतात आणि त्यांचे भाव त्या वेळी चढलेले असतात. त्यांच्या गरजेचे नाव कडबा आणि आमच्या गरजेचे नाव भाकर, हे कळल्यावर बोलणी लवकर जुळली. आम्ही आमचे ज्वारीचे एकर वावराच्या मध्यातून उचलून पूर्वेच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, आणले. तिघांनीही आपापला तुकडा त्याच धुऱ्याला लागून पेरला. एकत्र साडेतीन एकर झाले, पण सातबारा प्रत्येकाचा स्वतंत्र आणि दाणाही ज्याचा त्याचा. सामाईक होती ती फक्त राखण : एक माळा (मचाण), दोन गोफणी, आणि चाळीस रात्रींची चार घरांत दहा-दहा अशी पाळी. त्या वर्षी आमच्या एकरात साडेचार क्विंटल ज्वारी आली.

येथे पैशाचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. २०२४-२५ च्या हमीभावाने मोजले तर संकरित ज्वारीचे ३३७१ रुपये क्विंटल या दराने साडेचार क्विंटलचे सुमारे १५ हजार १७० रुपये होतात. त्याच एकरात पाच क्विंटल सोयाबीन आले असते, तर ४८९२ रुपये दराने २४ हजार ४६० रुपये झाले असते. म्हणजे कागदावर ज्वारीने एकरी नऊ हजारांचा तोटा दिला. त्यातून कडब्याची किंमत आणि सोयाबीनचा अधिक लागवडखर्च वजा केला की अंतर बरेच कमी होते, तसेच सोयाबीन विकून ज्वारी किराणा दुकानातून घ्यायची तर ती हमीभावाने मिळत नाही, हेही खरे आहे. तथापि ज्वारीने आम्हांला पैसे वाचवून दिले, असे मी म्हणणार नाही. तिने आम्हांला बारा महिन्यांची भाकर, गाईला चारा आणि तीन घरांशी रोजचे काम दिले. यांपैकी तिसऱ्या गोष्टीला हमीभाव नाही.

दुधाचे माप

या तीन घरांपैकी शेजारच्या काकाजींकडे नागपुरी म्हैस आहे. आमची गाय माघात व्यायली होती आणि त्यांची म्हैस भाद्रपदात. त्यामुळे गाय कार्तिक ते पौष आटलेली असताना म्हैस भरात असे, आणि म्हैस ज्येष्ठ ते श्रावण आटलेली असताना आमच्याकडे दूध असे. दूध साठवता येत नाही, आणि आज उरलेले दूध उद्या कोणाच्याच कामाचे नसते. अशा वस्तूची अदलाबदल वेळेच्या अंतराने करायला इतकी चांगली सोय क्वचितच मिळते. आम्ही तोंडी ठरवले की, जितके लिटर दूध तुम्ही द्याल तितके लिटर आम्ही परत करू.

तीन महिन्यांनी काकूंनी आमच्या घरी येऊन, न रागावता, दोन भांडी समोर ठेवली. एकात त्यांनी म्हशीच्या दुधाचे लोणी काढले होते आणि दुसऱ्यात तितक्याच गाईच्या दुधाचे. “तुमचं दूध काही वाईट नाही जी, पण लोणी पाहा,” एवढेच त्या म्हणाल्या. म्हशीच्या दुधात साधारण सात टक्के स्निग्धांश असतो आणि गवळाऊच्या दुधात साडेचारच्या आसपास. म्हणजे तीन महिने आम्ही त्यांचे लोणी फुकट खात होतो आणि ते आमच्या लक्षातही आले नव्हते. त्यानंतर म्हशीच्या दोन लिटरांना गाईचे तीन लिटर हे प्रमाण ठरले आणि ते आजतागायत चालू आहे. काकूंनी ही गोष्ट तिसऱ्या महिन्यात न सांगता तिसऱ्या वर्षी सांगितली असती, तर ती दुधाची गोष्ट राहिली नसती, असे मला वाटते.

शेणाविषयी थोडक्यात. सुरुवातीला शेण हीच सर्वांत जास्त ओढाताणीची वस्तू होती, कारण गोवऱ्या, सारवण आणि खत या तिन्हींना ते लागते. जीवामृत या पातळ खतासाठी एकरी दहा किलो शेण पुरते, परंतु शेणखताला एक गाय व एक बैल मुळीच पुरत नाहीत. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रूढ केलेले नाडेप टाके आम्ही बांधले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच, भिंतींना जाळीसारखी छिद्रे. त्यात सुमारे शंभर किलो शेणावर चौदा-पंधराशे किलो काडीकचरा कुजतो. पऱ्हाट्यांचे बारीक तुकडे, तुरीचा पाला आणि मातीचे थर दिले की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. टाके झाल्यापासून शेणाचा विषय वहीतून गेला. अदलाबदलीत सतत कुरबूर होणारी वस्तू असेल, तर तिच्या मापावर भांडण्यापेक्षा तिची गरजच कमी करता येते का, हे आधी पाहावे.

सावड आणि वाफसा

आमच्याकडे एक बैल आणि काकाजींकडे एक बैल. त्यांचाही दुसरा बैल म्हातारपणाने गेला होता. दोन एकेक बैलांची जोडी करून दोन्ही वावरे कसायची, या व्यवस्थेला सावड म्हणतात. ती जुनी आहे आणि काटकसरीची आहे, कारण वर्षभर दुसऱ्या बैलाचा चारा वाचतो. वखरणी, डवरणी आणि बंडीची ओढ यांत आमची सावड उत्तम चालली. ही कामे चार दिवस मागे-पुढे झाली तरी बिघडत नाही.

पेरणीचे मात्र तसे नाही. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो, आणि काळ्या जमिनीत तो पाळावाच लागतो. तेवढा पाऊस पडला की जमिनीत रगडा होतो आणि दोन-तीन दिवस वावरात पाय ठेवता येत नाही. मग वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतो. तो शेजारशेजारच्या वावरांत एकाच दिवशी येतो आणि फार दिवस टिकत नाही. एका जोडीवर तिफणीने दिवसाला अडीच-तीन एकर पेरून होते. काकाजींचे सहा एकर आणि आमचे साडेचार. पेरणी दोन्ही घरांना एकाच वेळी हवी होती आणि जोडी एकच होती.

दुसऱ्या खरिपात पेरणी काकाजींच्या वावरापासून सुरू झाली. ते वयाने मोठे, तिफण त्यांची, आणि मीच तसा आग्रह केला होता. दोन दिवसांत त्यांचे जवळपास सारे वावर पेरून झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे पाऊस आला. तो मोठा नव्हता, पण नंतर नऊ दिवस रोज थोडा थोडा येत राहिला आणि जमीन वाळू दिली नाही. आमच्या सोयाबीनची पेरणी त्या पहाटेपासून अकराव्या दिवशी झाली. तोवर तण वर आले होते. निंदणाचा एक फेर वाढला आणि एकरी उतारा काकाजींपेक्षा दीड क्विंटलने कमी पडला.

यात कोणाचाही दोष नव्हता, आणि अडचण नेमकी तीच होती. दोष असता तर बोलता आले असते. मी वहीत काही लिहू शकत नव्हतो, कारण काकाजींनी ठरल्यापेक्षा एक तासही जास्त जोडी वापरली नव्हती. अर्ध्या दिवसांचा जमाखर्च बरोबर जुळत होता. त्यांना जो लाभ झाला तो पहिल्या पाळीचा होता, आणि पहिल्या पाळीला आमच्या वहीत रकाना नव्हता. त्या पावसाळ्यात दोन्ही घरांतले बोलणे कमी झाले. काकूंचे दूध येत राहिले, आमचेही जात राहिले, पण भांडे दारात ठेवून माणूस परत फिरू लागला.

दिवाळीनंतर काकाजींनीच विषय काढला. मी म्हटले की आपण काही चुकीचे केले नाही. त्यावर ते म्हणाले, “चूक नाही भाऊ, पण नुकसान तर झालं ना. वाफसा कोणासाठी थांबते का?” त्या संध्याकाळी जे ठरले ते असे. पेरणीची सुरुवात कोणाच्या घरापासून करायची याऐवजी कोणत्या तुकड्यापासून करायची, हे पाहायचे. दोन्ही वावरांतले सखल, पाणी साचणारे तुकडे पहिल्या दिवशी पेरायचे, कारण पुढचा पाऊस आला तर तेच सर्वांत उशिरा मोकळे होतात. उंचवट्याची जमीन नंतर, आळीपाळीने. शिवाय दोघांनी कापसाच्या पैशातून थोडी रक्कम बाजूला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आभाळ भरून आले, तर वाट न पाहता भाड्याचा ट्रॅक्टर लावून राहिलेली पेरणी उरकायची. ते भाडे कोणाच्या वावराला ट्रॅक्टर लागला हे न पाहता निम्मे-निम्मे भरायचे. पहिल्या पाळीची किंमत अशा रीतीने दोघांच्या अंगावर आली.

या शेवटच्या कलमाकडे मी लक्ष वेधू इच्छितो. वस्तुविनिमय आणि सहकार यांविषयी आस्था असणाऱ्या माणसांना पैसा हा या व्यवस्थेचा शत्रू वाटतो. आमच्या प्रकरणात दोन घरांची सावड टिकली ती बाजूला ठेवलेल्या रोख रकमेमुळे. तिसऱ्या खरिपात ट्रॅक्टर लावावा लागला नाही, तरीही ती रक्कम उपयोगी पडली, कारण ती असल्यामुळे कोणीही पहिल्या पाळीसाठी धडपडले नाही.

ज्यांच्याकडे वावर नाही

निंदणासाठी गावातून ज्या बाया येत, त्यांतील एका बाईंशी आमचा घरोबा झाला. त्यांच्याकडे जमीन नाही, सहा शेळ्या आहेत. पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना मजुरीचा काही भाग ज्वारी, डाळ आणि ताक या रूपात देऊ केला. त्यांनी तो घेतला. आम्हांला वाटले की आमचे वस्तुविनिमयाचे वर्तुळ विस्तारले. श्रावणात त्यांनी संकोचाने सांगितले की बचतगटाचा हप्ता थकला आहे. हप्ता दर महिन्याला रोख भरावा लागतो आणि आमची ज्वारी त्यांना पुन्हा गावात, पडत्या भावाने, विकावी लागत होती. मग आधी का सांगितले नाही, असे पत्नीने विचारले, तेव्हा त्या गप्प राहिल्या. उत्तर उघड होते. ज्याच्याकडे उद्याचे काम आहे त्याला आजचे नको म्हणता येत नाही.

गावगाड्यातील जुन्या देवघेवीविषयी हल्ली बऱ्याच गोड गोष्टी लिहिल्या जातात. बलुतेदाराला खळ्यावर धान्य मिळे हे खरे, परंतु किती मिळावे हे तो ठरवत नसे, काम नाकारता येत नसे, आणि कोणते काम कोणी करायचे हे जन्माने ठरलेले असे. पावसाळ्यात उसने दिलेले धान्य सवाईने वा दीडीने, म्हणजे सव्वापट वा दीडपट, परत घेण्याची रीतही याच गावगाड्यातली. धान्याच्या रूपातला व्यवहार आपोआप न्याय्य होत नाही. किमान वेतन अधिनियम, १९४८ ने मजुरी मुळात रोखीनेच द्यावी असे सांगितले, त्यामागे हाच अनुभव असावा. आमच्यापासून फार लांब नसलेल्या पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग आरंभला होता. तो मला आदरणीय वाटतो, परंतु तो आश्रमवासीयांनी स्वतःवर केलेला प्रयोग होता. पैसा सोडण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो, तो दुसऱ्याच्या मजुरीवर लादता येत नाही.

त्यानंतर आम्ही मजुरी पूर्णपणे रोख आणि आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी देऊ लागलो. त्यांना ज्वारी हवी असेल, तर त्या ती सोंगणीच्या वेळच्या भावाने वर्षभर केव्हाही घेऊ शकतात आणि घेतलीच पाहिजे असे नाही. अदलाबदल थांबली नाही, पण ती दुसऱ्या ठिकाणी सुरू झाली. पिके निघाल्यावर त्यांच्या शेळ्या आमच्या वावरात व धुऱ्यावर चरतात आणि महिनाभर रात्री तिथेच बसवल्या जातात. चारा आमचा, लेंडीखत आम्हांला. हा व्यवहार आम्ही मोडला तर शेळ्यांना दुसरे वावर मिळेल आणि त्यांनी मोडला तर आम्ही खत दुसरीकडून आणू. दोघांनाही ‘नको’ म्हणता येते, म्हणूनच याला मी विनिमय म्हणतो.

वही

वहीच्या रचनेवर आम्ही बराच काळ घालवला. प्रथम सर्व देवघेव रुपयांत मांडून पाहिली. ते चालले नाही, कारण भाव हलतात. कार्तिकात दिलेली ज्वारी आषाढात महाग झालेली असते आणि मग कोणत्या महिन्याचा भाव धरायचा यावरून चर्चा सुरू होते. पायलीचे माप घेऊन पाहिले, तर आमची पायली आणि काकाजींची पायली भरायला निरनिराळी. अखेरीस तीन रकाने ठेवले : श्रम अर्ध्या दिवसांत, धान्य व डाळ किलोत, दूध लिटरमध्ये. एका रकान्यातले देणे दुसऱ्या रकान्यात फेडायचे असेल तर ते वर्षातून एकदाच, गुढीपाडव्याला, दोघांच्या संमतीने. आमच्या भागात सालगड्याचे सालही पाडव्यालाच संपते, त्यामुळे हिशेब मिटवण्याचा हा दिवस कोणालाही नवा वाटला नाही. धान्य उसने दिले तर तेवढेच परत घ्यायचे, त्यावर सवाई नाही.

बियाण्याला वहीत चौथा रकाना करावा लागला. सोयाबीनचे परागीभवन स्वतःच्याच फुलात होत असल्यामुळे घरचे बियाणे चालते. पऱ्हाटीच्या संकरित वाणाचे चालत नाही. उगवण तपासायला सोयाबीनचे दाणे मोजून शंभर घ्यायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि सात-आठ दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. सत्तर वा अधिक उगवले तर एकरी तीस किलो पुरते. अदलाबदल करताना किलोबरोबर हा आकडाही लिहितो, कारण ऐंशी उगवणाऱ्या आणि साठ उगवणाऱ्या बियाण्याचे वजन सारखे असले तरी वस्तू एक नव्हे. असे बियाणे एकमेकांना देणे कायद्यात बसते का, अशी शंका एका घरी निघाली होती. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्याला बियाणे जपण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बियाणे मात्र छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. शहरातील एका मित्राने जीएसटीचीही भीती घातली होती. २०१७ च्या त्या कायद्यात अदलाबदल हाही पुरवठा मानला आहे हे खरे, परंतु स्वतःच्या जमिनीतले उत्पन्न विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. दुधाच्या दोन भांड्यांसाठी कोणी नोंदणी करावी, अशी त्याचीही अपेक्षा नसावी.

विहिरीच्या पाण्याचा व्यवहार वहीत नाही. उत्तरेकडच्या घराला हरभऱ्याच्या दोन पाण्यांपुरते पाणी आम्ही देतो आणि ते आम्हांला गव्हाचे व तुरीचे कुटार देतात. कोणीही कधी मोजले नाही. मोजायला लागलो तर दोघांपैकी कोणाला तरी कमी पडल्याचे दिसेल, आणि सध्या कोणालाच कमी पडलेले नाही.

तीन वर्षांनंतरची स्थिती अशी आहे. धान्य व डाळ जवळपास पूर्ण घरची, तेल निम्मे, भाजी आठ महिने, दूध काकाजींच्या म्हशीसह बारा महिने. रोख खर्च कमी झाला, पण मुलांच्या शिक्षणाचा वाढला, त्यामुळे पऱ्हाटीचे एकर सोडता आले नाही. ज्वारीच्या धुऱ्यावरील चार घरांपैकी एकाने पुढच्या खरिपात सोयाबीन लावण्याचे ठरवले आहे. त्याला माझी हरकत नाही, त्याच्या घरी आता जनावर उरलेले नाही. परंतु साडेतीन एकरांचे पावणेतीन होतील आणि पाळी दहा रात्रींवरून तेरा-चौदांवर जाईल.

गेल्या पाडव्याला वही वाचली तेव्हा आमच्याकडे काकाजींचे अकरा अर्धे दिवस निघत होते. त्यांचा मुलगा बैल विकण्याचे म्हणतो आहे, पोळा झाल्यावर कदाचित विकला जाईल, आणि मग आमचा एकटा बैल कोणाबरोबर जुंपायचा हा प्रश्न उभा राहील. हे अकरा अर्धे दिवस डाळीत फेडू का, असे मी विचारले. काकाजींनी डाळ नको म्हटले. त्यांचे गुडघे आता माळ्यावर चढू देत नाहीत, तेव्हा कणसे भरल्यावर त्यांच्या पाळीच्या रात्री मी जागलीला जावे, असे ठरले आहे.